पाचव्या दिवशी डिस्चार्ज

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेल्या वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून त्यातला गाभा देते.

"मुलगी २२ वर्षांची आहे. बारावीपासून तिचं असं सुरू झालं. एखादी मैत्रीण झाली की तिच्यावर जीव ओवाळून टाकते आणि तिनं एका मेसेजला उत्तर दिलं नाही की रात्रभर थैमान. तासाभरानं पुन्हा हसत जेवायला बसते. स्वतःच्या हाताला इजा करून घेते, उन्हाळ्यातसुद्धा बाह्या लांब. दीड वर्षात तीन दवाखाने झाले. एकानं डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्यानं बायपोलर, आता तिसरे म्हणतात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. गेल्या महिन्यात तिनं गोळ्या जास्त घेतल्या. धावतपळत ॲडमिट केलं. पाचव्या दिवशी डिस्चार्ज हातात दिला, पुढं कधी, कुणाकडं यायचं ते काही सांगितलं नाही. मी म्हटलं, महिनाभर ठेवा, पैशाचं मी बघतो. डॉक्टर म्हणाले, जास्त ठेवून उपयोग नाही. तिथली सिस्टर तर तिच्या तोंडावर म्हणाली, 'हिला काय झालेलं नाही, लक्ष वेधून घ्यायची सवय आहे.' रिक्षात बसल्यावर पोरगी म्हणाली, 'पप्पा, तुम्हाला पण मी नको झालोय न्हवं?' मला काही बोलता आलं नाही. आता मेहुणे म्हणतात, लांब एक केंद्र आहे, सहा महिने ठेवतात, फोन बंद, शिस्त कडक, माणूस सरळ होऊन येतो. बायको म्हणते, नरसोबाच्या वाडीला नेऊ. ताई, मला एवढंच सांगा, हिला कुठं ठेवू?"

दादा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मेहुण्यांना होकार द्यायची वेळ कदाचित जवळ आली असेल. कुठंही ठेवू नका. मुलगी घरी राहू दे, उपचार जाऊन-येऊन होऊ देत. दवाखान्यात भरती लागेल ती जिवावर बेतलं तर, आणि मोजक्या दिवसांची. डॉक्टरांनी पाचव्या दिवशी घरी सोडलं, ते बहुधा बरोबर केलं. ज्या तऱ्हेनं सोडलं ते मात्र चूक होतं. पुढची तारीख नाही, कुणाला भेटायचं ते नाही, रात्री पुन्हा तसं झालं तर काय करायचं ते नाही, आणि वर सिस्टरचं ते वाक्य. भरती छोटी असावी, पण सुटताना दोर तुटता कामा नये. तुमच्या बाबतीत नेमका दोरच तुटला. तो परत कसा जोडायचा, त्यासाठी हे उत्तर लिहिते आहे.

मनोविकार वॉर्डात समाजसेविका म्हणून मी वीस वर्षांहून जास्त काढली. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचे डोस मला विचारू नका. पण असल्या मुली, मुलंही, वॉर्डात येताना आणि वॉर्डातून जाताना मी खूप पाहिली आहेत.

आधी त्या नावाबद्दल. 'बॉर्डरलाइन' म्हणजे आपली पोरगी वेडाच्या काठावर आली, असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकेतल्या मनोविश्लेषकानं हा शब्द वापरला, कारण त्या काळच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी, म्हणजे भान शाबूत असलेले मनोविकार आणि भान सुटलेले मनोविकार, एकातही हे रुग्ण बसेनात, दोन्हींच्या सीमेवर राहिले. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. १९८० साली अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत ते अधिकृत झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणातही ते एका पोटप्रकारात टिकून आहे. नावात अडकू नका. आत काय होतं ते तुम्हाला तुमच्या कामातूनच सांगते.

साच्यात ओल राहिली आणि त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. थेंबभर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. जवळ उभा असलेला माणूस भाजतो. त्या वेळी फाउंड्रीत कुणी लोखंडाला 'नाटकं करतंय' म्हणत नाही. साचा वाळवायला पाहिजे होता, एवढंच म्हणतात. तुमच्या मुलीच्या मनात भावना त्या उष्णतेच्या असतात. इतरांना उत्तर न आलेला मेसेज म्हणजे थेंबभर पाणी. तिच्या आत त्याचा स्फोट होतो, आणि सगळ्यात आधी भाजते ती स्वतः. सोडून जातील ही भीती, आपण नक्की कोण आहोत याचा पत्ता नसणं, आतून पोकळ वाटणं, माणूस आज देव तर उद्या दगड, आणि असह्य झालं की शरीराला इजा करून ते क्षणभर थांबवणं. लक्ष वेधून घ्यायचं असतं तर तिनं बाह्या लांब कशाला ठेवल्या असत्या?

तीन दवाखान्यांत तीन निदानं झाली म्हणून डॉक्टरांवरचा विश्वास उडवून घेऊ नका. डिप्रेशन याच्याबरोबर बहुतेकदा असतंच. बायपोलरशी घोटाळा होतो तो मूड बदलतो म्हणून. पण बायपोलरमध्ये चढलेला किंवा उतरलेला मूड सलग काही दिवस, काही आठवडे टिकतो. इथं तो तासातासाला फिरतो, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी वागण्याला धरून फिरतो. तुम्ही पत्रात लिहिलेलं 'तासाभरानं हसत जेवायला बसते' हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. त्या एका वाक्यात त्यांना बरंच कळेल.

आता तुमचा खरा राग. पैसे मोजायची तयारी असताना दवाखाना ठेवून का घेत नाही?

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची हकिकत सांगते. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्यांना हार्टफर्ड शहरातल्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. त्या तिथं २६ महिने होत्या. त्यातला बराच काळ एकांतकोठडीसारख्या खोलीत, कारण त्या स्वतःला इजा करत. सगळी शिस्त होती, बंदोबस्त होता, औषधं होती, विजेचे झटके झाले, आणि तरीही इजा करणं थांबलं नाही. बाहेर पडल्यावर पुढे शिकून त्यांनी अशाच माणसांसाठी एक उपचारपद्धत उभी केली, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. १९९१ साली तिचा पहिला मोठा अभ्यास छापून आला. स्वतःही कधीकाळी त्याच कॉटवर होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये. दोन वर्षं कुलपात राहून जे साधलं नाही, ते साधायला त्यांनी जी पद्धत काढली, ती आठवड्यातून एकदा एकट्याची भेट, एकदा गटात शिकवणी आणि मधल्या काळात गरज पडली तर फोन, अशी बाहेरून चालणारी आहे. तुमच्या मेहुण्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

याचं कारण समजून घेतलं तर डॉक्टरांचं म्हणणं कठोर वाटणार नाही. तुमच्या मुलीला शिकायचं आहे ते असं: मैत्रिणीचं उत्तर आलं नाही, रात्रीचे अकरा वाजलेत, आत भडका उडालाय, अशा वेळी स्वतःला इजा न करता पुढचा तास कसा काढायचा. वॉर्डात मैत्रीण नाही, फोन नाही, रात्री अकरा वाजता दिवे बंद. पोहायला रंकाळ्याच्या काठावर बसून शिकता येत नाही. दुसरं म्हणजे वॉर्डात एक वाईट गणित तयार होतं. शांत बसलेल्या पेशंटकडे कुणी फिरकत नाही. इजा केली की चार माणसं धावतात. मन आधीच माणसांसाठी भुकेलं, ते हे गणित पटकन शिकतं. मग मुक्काम जितका लांबेल तितकी इजा वाढते, तितकी बंधनं वाढतात, आणि शेवटी घरी सोडायचं म्हटलं की 'मला टाकून देताय' म्हणून पुन्हा एक स्फोट. इंग्लंडच्या सरकारी उपचार-मार्गदर्शिकेनं २००९ मध्येच लिहून ठेवलंय की आधी घरी येऊन सांभाळणाऱ्या पथकाची मदत बघा, आणि भरती करायचीच तर किती दिवस आणि कशासाठी हे पेशंटशी बोलून आधी ठरवा. आपल्याकडे तसं घरी येणारं पथक नाही, ती जागा घरच्यांनाच भरावी लागते. म्हणून तुमच्यावर ओझं जास्त आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

भरती कधी करायची मग? जीव द्यायचं ठरवलंय, कसं ते ठरलंय आणि ती तुमच्याजवळ राहायला तयार नाही. गोळ्या किंवा आणखी काही पोटात गेलंय. तेव्हा तर एक मिनिटही विचार करू नका, 'थोड्याच आहेत, ओकून टाकेल' असं म्हणू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट अपघात विभागात न्या. जखम खोल आहे. कानात आवाज येतायत, भास होतायत. किंवा सलग रात्री झोप नाही आणि घरातली सगळी माणसं थकून गेलीत. हे शेवटचं कारण सांगायला लोक लाजतात. लाजू नका, दोन-तीन दिवसांचा विसावा हेही भरतीचं रास्त कारण आहे.

आणि त्या दिवसांत तिला कसं वागवलं जावं, यावर मी जरा थांबणार आहे. सिस्टरचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. गाव आणि दवाखाना सांगत नाही. रात्री एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आणली, मनगटाच्या वर जखम, टाके घालायचे होते. भुलीचं इंजेक्शन भरायला घेतलेल्या ब्रदरला तिथली सिस्टर म्हणाली, "राहू दे. करून घेताना दुखलं नाही, आता बरं दुखेल?" आणि टाके तसेच घातले. मुलगी रडली नाही. समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फरश्या ती एक-एक करून बघत होती, ओठ हलत होते, बहुतेक मोजत होती. मी केसपेपर घेऊन बाजूला उभी होते. नाव, वय, पत्ता लिहीत होते. मी काहीही बोलले नाही. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, नवी जखम चिघळल्यावर, तापात. दोन दिवस ओढणी गुंडाळून घरात बसली होती. आई सांगत होती, 'मरीन पण तिथं जाणार नाही म्हणत होती.' त्या रात्रीच्या टाक्यांचा दोष माझ्याही माथी आहे, हे मी इतकी वर्षं विसरलेले नाही.

आणि त्याच्या उलट. पुढे दुसऱ्या ठिकाणी एक सिस्टर माझ्याबरोबर होत्या, गडहिंग्लजकडच्या. त्यांच्या वॉर्डात अशी मुलगी आली की त्या आधी जखम नीट धुवायच्या, भूल द्यायच्या, बांधायच्या. त्या वेळी ना रागावणं ना गोंजारणं. मग म्हणायच्या, "उद्या अकराला मी तुझ्याजवळ पंधरा मिनिटं बसणार. तू शांत असलीस तरी बसणार, रडत असलीस तरी बसणार." आणि दुसऱ्या दिवशी अकराला स्टूल ओढून बसायच्या. पंधरा मिनिटं झाली की उठायच्या, पुन्हा उद्याची वेळ सांगून. बघायला साधं वाटतं. पण माणसाचं लक्ष मिळवायला जखम करावी लागत नाही, ते घड्याळाप्रमाणे मिळतं, हे त्या मुलीच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडत असायचं. माझ्या लेखी चांगली भरती ती हीच. त्याला एसी रूम लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी भरती करावी लागली, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: किती दिवस ठेवणार, या दिवसांत काय साधायचंय, आणि रोज तिच्याशी कोण बोलणार. निघायच्या आदल्या दिवशी डिस्चार्जबद्दल तिच्याशी कुणी बोललं का ते बघा. अचानक हातात कागद नको. त्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख आणि वार लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आठवड्याच्या आतली तारीख मागा, दोन-तीन दिवसांतली मिळाली तर फार बरं. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात, हे पुष्कळ घरांना कुणी सांगतच नाही. कुणी अपमान केला, तर त्याच जागी शांतपणे म्हणा, "सिस्टर, ती पेशंट आहे." ऐकलं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या. पोरीला ते दिसू द्या. आपल्यासाठी बाप बोलला, हे तिला दिसणं तक्रारीच्या निकालापेक्षा मोठं आहे.

त्या केंद्राबद्दल कायदा काय म्हणतो तेही बघा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तुमची मुलगी सज्ञान आहे. तिच्या मनाविरुद्ध भरती करायची असेल तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्र तपासून तशी गरज असल्याचं सांगावं लागतं, आणि तीसुद्धा एका वेळी ३० दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि याच कायद्यानं नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. मेहुणे आणि केंद्राचा मालक यांनी फोनवर ठरवलं म्हणून सहा महिने ठेवता येत नाही. पेशंटला घरच्यांशी बोलण्याचा, फोन घेण्या-करण्याचा हक्क आहे. साखळीनं बांधणं तर सरळ बेकायदा. असं प्रत्येक केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं असावं लागतं. नोंदणीचा कागद दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्या दारात पोरगीला उतरवू नका. 'सरळ होऊन येतो' म्हणतात तेव्हा माणूस बहुतेक घाबरून गप्प होऊन येतो. गप्प झालेल्या मुलीची मला जास्त काळजी वाटते.

पोलिसांचंही तुमच्या मनात असणार. गोळ्या घेतल्याची केस आली की दवाखाना पोलिसांना वर्दी देतो, जबाब होतो; एमएलसी म्हणतात ती हीच. त्याच्या धास्तीनं लोक दवाखाना टाळतात किंवा 'चुकून घेतल्या' असं खोटं सांगतात, आणि मग डॉक्टरांना खरं कळत नाही. खरं सांगा. याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस कमालीच्या ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गेलंच. पॉलिसी असेल तर एक ध्यानात ठेवा: शरीराच्या आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मनाच्या आजारालाही द्यायचा, असं हाच कायदा सांगतो. नकार आला तर तो लेखी मागा.

आता कोल्हापुरात कुठं जायचं. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या थोरल्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायला रांग लागते, सकाळी लवकर जा. कदमवाडीला डी. वाय. पाटील हॉस्पिटल आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की हा विभाग असतोच. शहरात खाजगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याला जवळचं म्हणजे रत्नागिरी, नाहीतर पुण्याचं येरवडा. पण ती मोठी भरती तुमच्या मुलीला लागणारच नाही असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो तिच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये आजच टाका. फोन तुम्हीसुद्धा करू शकता, घरच्यांसाठीही तो आहे.

संपूर्ण डीबीटी शिकवणारी टीम आपल्या गावात शोधत फिरलात तर दमाल. पण ती नाही म्हणून पुण्या-मुंबईला बिऱ्हाड हलवू नका. कॅनडात २००९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८० पेशंट, वर्षभर. निम्म्यांना डीबीटी, निम्म्यांना नेहमीचे पण नीट बांधलेले मानसोपचार: हा आजार कळणारे डॉक्टर, दर आठवड्याची ठरलेली भेट, गोळ्यांचा नेमका विचार. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली, स्वतःला इजा करणं दोन्हीकडे कमी झालं. आपल्यासारख्या गावाला या अभ्यासानं केवढा धीर दिलाय! एक समजूतदार मानसोपचारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ, वर्षभर न चुकता. हे कोल्हापुरात जमवता येतं. थेरपिस्ट इथं मिळाला नाही तर व्हिडिओवरून घ्या, पण गोळ्या देणारे डॉक्टर गावातलेच असू द्या. आणि दवाखाने बदलणं आता थांबवा. दर वेळी नव्या डॉक्टरांपुढे तिला पहिल्यापासून सगळं उकरावं लागतं.

गोळ्यांबद्दल एकच. या आजारावर म्हणून मान्यता मिळालेली अशी गोळी नाही. सोबतचं डिप्रेशन, झोप, बेचैनी यांना औषध लागतं आणि ते घ्यावं. पण तीन दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या मिळून घरात किती पाकिटं साठलीत ते बघा. सगळी एका पिशवीत घाला, डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा, यातलं खरंच काय लागतं? मनानं मात्र एकही बंद करू नका. उरतील त्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे, रोजच्या रोज हातावर. तिला न सांगता लपवू नका. सांगून, तिच्यासमोर ठेवा. घरातली इतर औषधं, आजीच्या बीपीच्या गोळ्या, शेतातलं औषध, ही सगळी त्याच कुलपात.

घरात बोलायचं कसं, हे थेरपिस्ट तुम्हाला शिकवतील, त्यासाठी त्यांच्याकडे तुमच्यासाठीही एक वेळ मागा. तोवर एवढं करा. भडका उडालेला असताना 'एवढ्याशा मेसेजवरून कशाला?' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. 'उत्तर आलं नाही म्हणून जीव कासावीस झालाय तुझा, दिसतंय मला. मी इथंच बसतो' एवढं म्हणा आणि खरोखर बसा. शहाणपण उद्या. गार पाण्याच्या परातीत तोंड बुडवून काही सेकंद श्वास धरला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि तो क्षण सरतो. डीबीटीत हे शिकवतात. हृदयाचा त्रास नाही ना हे डॉक्टरांना विचारून तिला दाखवायला सांगा. आणि शांत असेल त्या दिवशी तिच्याबरोबर बसून एका कागदावर लिहा: कशानं सुरू होतं, तेव्हा काय केलं की जरा बरं वाटतं, कुणाला फोन करायचा, त्यानंतर कुणाला, आणि कुठल्या वेळी सरळ दवाखाना. अक्षर तिचं असू दे. फ्रिजला लावा नाहीतर तिच्या पर्समध्ये ठेवा. कारखान्यात शिफ्ट असताना तुम्ही फोन उचलू शकत नाही, तेही त्यावर स्पष्ट लिहा, आणि कुठल्या वेळी उचलणार ते लिहा. तेवढं मात्र पाळा.

वहिनींना सांगा, वाडीला जरूर जा. घाटावर बसून पोरीला चार घटका बरं वाटत असेल तर का जाऊ नये? फक्त तिथं कुणी 'बाहेरचं आहे' म्हणून गोळ्या बंद करायला सांगितल्या तर हात जोडा आणि परत फिरा. आणि ज्या वारी भेटीची तारीख आहे त्या वारी दर्शन नको.

हे किती दिवस चालणार, ते तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हे सगळे एकदा तरी भरती झालेले होते, म्हणजे सौम्य आजाराचे नव्हेत. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांचा आजार किमान सलग दोन वर्षं ओसरलेला दिसला. नोकरी, नातीगोती पूर्ण रुळावर येणं याला जास्त वेळ लागला आणि ते निम्म्यांनाच साधलं, हेही सांगायला हवं. तरी मी वॉर्डात आले तेव्हा आम्हाला 'हे कधी बरे होत नाहीत' असंच शिकवलं होतं, आणि ते चूक होतं. तुमची मुलगी २२ वर्षांची आहे. तिच्याकडे वर्षं आहेत, ती जगली पाहिजे. सध्या आपलं काम तेवढंच.

राहता राहिलं रिक्षातलं. तिनं विचारलं आणि तुम्हाला बोलता आलं नाही. महिना झाला म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ गेलेली नाही. ती अजून वाट बघत असणार, या आजारात माणूस असली गोष्ट विसरत नाही. आज घरी गेल्यावर, टीव्ही बंद करून, तिच्याजवळ बसा. म्हणा, "त्या दिवशी रिक्षात तू विचारलं होतंस. मला तेव्हा सुचलं नाही. मी तिथं महिनाभर ठेवा म्हणालो, कारण मी घाबरलो होतो. तू मला हवी आहेस. सोमवारी मी सुट्टी टाकतोय, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन पुढची तारीख घेऊन येऊ." आणि सोमवारची सुट्टी उद्याच सांगून ठेवा.